रूम सेन्सर कुठे लावायचा: रेडिएटरच्या घरात तापमान मोजण्याची जागा

इंग्लंडातल्या घरांत रेडिएटर बहुधा खिडकीखाली असतो. स्मार्ट हीटिंग घेतलं की त्याच्या व्हॉल्व्हवर बॅटरीवर चालणारं एक हेड चढतं, आणि त्या हेडच्या पोटातच खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. म्हणजे चुलीला टेकून बसलेल्या माणसाला ‘घरात थंडी किती आहे?’ असं विचारायचं आणि त्याच्या उत्तरावर अख्ख्या घराचं जळण ठरवायचं. बॉयलरमधून साठ-पासष्ट अंशांचं पाणी रेडिएटरमध्ये फिरत असताना हेड सोफ्यावरल्या हवेपेक्षा दोन-चार अंश जास्त दाखवतं, ठरलेला आकडा गाठला असं समजून व्हॉल्व्ह मिटवतं, आणि सोफ्यावरची मंडळी शाल पांघरून बसतात.

यावर पहिला उपाय म्हणून सगळे ऑफसेट लावतात. ॲपमध्ये जाऊन हेडला सांगायचं की तू दाखवतोस त्यातून तीन अंश वजा कर. थोडंफार चालतं, पण ही चूक कायम सारखी नसते. रेडिएटर तापलेला असताना हेड जास्त दाखवतं. तोच गार पडला आणि खिडकीच्या काचेवरून थंड हवा खाली उतरायला लागली की तेच हेड कमी दाखवतं. पहाटे पाचला लागणारा ऑफसेट वेगळा, संध्याकाळी सातला लागणारा वेगळा. पडदा रेडिएटरवरून खाली सोडला किंवा सोफा पुढ्यात सरकवला की तिसराच. अशा खोलीत वायरलेस रूम सेन्सरला पर्याय नाही.

पण सेन्सर घेतला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. तो खोली मोजत नाही, स्वतःच्या काडेपेटीएवढ्या डबीतल्या हवेचं तापमान मोजतो. ती डबी कुठे ठेवली यावर पुढचं सगळं ठरतं. चाळीस पौंडांचा सेन्सर चुकीच्या भिंतीवर लावला तर दहा पौंडांचा योग्य जागी लावलेला त्याच्यापेक्षा चांगलं काम करतो.

विकत घेण्याआधी

प्रत्येक खोलीला सेन्सर लागत नाही. बाथरूमला नको, तिथे आंघोळीची वाफ सगळे आकडे बिघडवते. छोट्या खोलीत, जिथे रेडिएटर मोकळ्या भिंतीवर आहे आणि हेडभोवती हवा खेळते, तिथे हेडचा स्वतःचा सेन्सर आणि एक-दीड अंशाचा ऑफसेट पुरतो. सेन्सर खरा लागतो तो बैठकीच्या खोलीत, लांबट आकाराच्या ‘थ्रू लाउंज’मध्ये, रेडिएटरवर लाकडी जाळीचं कव्हर आहे तिथे, आणि ज्या बेडरूममध्ये रेडिएटर पलंगामागे किंवा जाड पडद्यामागे गेलाय तिथे.

आपलं हेड बाहेरच्या सेन्सरचं ऐकतं का, हे आधी बघावं. ताडो, वायझर, इव्होहोम अशा एका कंपनीच्या संचात त्याच कंपनीचा रूम सेन्सर किंवा रूम थर्मोस्टॅट त्या खोलीला जोडता येतो. झिगबी या बिनतारी जोडणीची सुटी हेडं होम असिस्टंट या स्मार्ट घराच्या सॉफ्टवेअरवर चालवणाऱ्यांनी हेडमध्ये बाहेरचं तापमान लिहायची सोय आहे का ते तपासावं. काही हेडांत ती नसतेच. मग दर वेळी ऑफसेटच बदलत राहायचा कारभार करावा लागतो, आणि त्यात हेडची बॅटरी लवकर संपते.

रेडिओची पट्टीही बघून घ्या. ताडोची व्ही-थ्री-प्लस मालिका आणि इव्होहोम ८६८ मेगाहर्ट्झवर बोलतात. वायझर आणि हाइव्ह झिगबीवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर. ताडोची नवी एक्स मालिका थ्रेड या झिगबीसारख्याच जोडणीवर चालते, तेही २.४ गिगाहर्ट्झच. जाड विटांच्या व्हिक्टोरियन घरात ८६८ ची लहर भिंतींतून बरी जाते. २.४ ला मधे विजेवर चालणारं एखादं स्मार्ट प्लग लागतं, जे निरोप पुढे पोचवतं. बॅटरीवरची झिगबी उपकरणं निरोप पुढे पोचवत नाहीत, हे बरेच जण विसरतात. घरात दहा सेन्सर आणि दहा हेडं आहेत पण एकही प्लग नाही, तर ते जाळं नव्हेच. सगळी वीस उपकरणं एकट्या हबला, म्हणजे सगळ्यांशी बोलणाऱ्या मुख्य डबीला, लोंबकळलेली असतात.

जोडणी

क्रम असा ठेवावा: आधी हब किंवा ब्रिज, मग विजेवरची उपकरणं, मग हेडं, आणि सेन्सर सगळ्यात शेवटी.

हब राउटरला चिकटवून ठेवू नका. निदान एक मीटर अंतर हवं. केबल लहान म्हणून हब राउटरच्या डोक्यावर बसवलेला असतो आणि मग ‘सिग्नल जातो’ म्हणून तक्रार. यूएसबीची झिगबी डाँगल असेल तर ती संगणकाच्या निळ्या यूएसबी ३.० भोकात थेट खुपसू नये. त्या भोकाचा आणि त्यात लावलेल्या हार्ड डिस्कचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीतच पडतो. एक-दीड मीटरची एक्स्टेंशन केबल लावून डाँगल दूर न्यावी. वायफाय १, ६, ११ या चॅनेलांवर असतं, म्हणून झिगबीला १५, २० किंवा २५ हे मोकळे चॅनेल बरे. हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर चॅनेल बदललात तर काही उपकरणं परत जोडत बसावी लागतात.

सेन्सरच्या बॅटरीचं झाकण उघडा, पारदर्शक पट्टी ओढून काढा, ॲपमध्ये ‘उपकरण जोडा’ सुरू करा आणि सेन्सरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. बहुतेकांना तीन ते पाच सेकंद लागतात. झिगबीचा सेन्सर शक्यतो जिथे लावायचा त्याच खोलीत जोडावा, कारण जोडताना जवळ जो प्लग किंवा हब सापडतो त्यालाच तो धरून बसतो. हबशेजारी जोडून मग वरच्या मजल्यावर नेलेला सेन्सर कधीकधी जुन्याच वाटेला चिकटून राहतो आणि दोन दिवसांनी गायब होतो. तसं झालं तर बॅटरी काढून, नव्या जागी घालून, परत जोडावा. आधीचं नाव पुसलं नाहीत तर बहुतेक ॲपमध्ये इतिहासही टिकतो.

मग सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. सेन्सर नुसता जोडून काही होत नाही, त्या खोलीचं तापमान आता त्यानेच मोजायचं असं ॲपला सांगावं लागतं. ताडोमध्ये खोलीच्या सेटिंगमध्ये मोजणारं उपकरण निवडायची जागा आहे. ती बदलली नाही तर सेन्सर शोभेला लटकतो आणि खोली अजून रेडिएटरवरचं हेडच चालवतं. खोलीत दोन रेडिएटर असतील तर दोन्ही हेडं त्याच खोलीत, त्याच सेन्सरखाली घाला. एक हेड सेन्सरखाली आणि दुसरं आपल्याच मनाने चाललेलं, म्हणजे दोन सासवांच्या घरातली सून.

डॅनफॉस कंपनीचं झिगबी हेड अ‍ॅली वापरणाऱ्यांसाठी थोडं बारकाईने, कारण इथे हमखास घोळ होतो. बाहेरचं तापमान ‘एक्स्टर्नल मेझर्ड रूम सेन्सर’ या रकान्यात लिहायचं असतं, आणि ते अंशाच्या शंभराव्या भागात: २०.५ अंश म्हणजे २०५०. सेन्सर वापरायचा नसेल तर −८०००. रेडिएटर उघडा असेल, म्हणजे ‘रेडिएटर कव्हर्ड’ बंद असेल, तर हा आकडा निदान दर तीन तासांनी लिहावा, पण दोनदा लिहिण्यात अर्ध्या तासाहून कमी अंतर नको. अशा वेळी हेड त्या आकड्यावरून स्वतःचा ऑफसेट हळूहळू दुरुस्त करतं. रेडिएटर झाकलेला असेल तर ‘कव्हर्ड’ चालू करायचं. मग हेड स्वतःचं मोजमाप सोडून देतं आणि पूर्णपणे सेन्सरवर चालतं, म्हणून निदान दर अर्ध्या तासाने आकडा लागतो, आणि पाच मिनिटांपेक्षा घाईने नको. दर मिनिटाला लिहिणारं ऑटोमेशन बसवलं की बॅटरीचा फडशा पडतो आणि तापमान काही जास्त अचूक होत नाही.

भिंत निवडताना

उंची १.२ ते १.५ मीटर, असं सगळी माहितीपत्रकं सांगतात. मला बैठकीच्या खोलीसाठी यातली खालची बाजू बरी वाटते. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असतं, आणि आरामाची मोजमापं ठरवणारं आयएसओ ७७२६ हे मानकसुद्धा बसलेल्यांसाठी ०.१, ०.६ आणि १.१ मीटर याच उंच्या धरतं. जुन्या, उंच छताच्या घरात घोटा आणि डोकं यांच्यात तीन अंशांचा फरक सहज पडतो. दीड मीटरवरचा सेन्सर २१ दाखवत असताना जमिनीवर खेळणारं पोर १८ मध्ये असतं. बेडरूममध्ये तर ०.७ ते ०.९ मीटर पुरे, कारण तिथे माणूस आडवा असतो. पण उशाशी, श्वास लागेल अशा अंतरावर नको.

भिंत आतली हवी. बाहेरची भिंत का नको, हे आकड्यांत बघू. एकसंध विटांच्या जुन्या भिंतीचं यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून उष्णता किती निसटते याचं माप, सुमारे २.१ असतं. आत २०, बाहेर ० अंश असताना भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण साडेचौदा अंशांवर येतो. त्या भिंतीला पाठ टेकलेला सेन्सर हवा आणि भिंत यांच्या अधलंमधलं काहीतरी दाखवतो, समजा १८. यंत्रणा ते भरून काढायला खोली २२ पर्यंत तापवते. भिंतीच्या पोकळीत इन्सुलेशन भरलेलं असेल, यू-मूल्य ०.५ च्या आसपास असेल, तर पृष्ठभाग १८.७ वर राहतो आणि चूक फारशी उरत नाही. बाहेरच्या भिंतीशिवाय इलाजच नसेल तर सेन्सर आणि भिंत यांच्यामध्ये सेंटिमीटरभर जाडीचा कॉर्कचा किंवा फोमचा तुकडा घालावा.

याच साडेचौदा अंशांची आणखी एक गोष्ट, थोडी आडवाटेची. खोली २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ॲपमध्ये सगळं ठीक दिसतं. पण तीच हवा त्या गार भिंतीपाशी पोचते तेव्हा तिथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात जाते, आणि ८० च्या वर बुरशीचं राज्य सुरू होतं. कपडे घरात वाळवणाऱ्यांनी सेन्सरच्या आर्द्रतेच्या आकड्यावर विसंबून कपाटामागची भिंत बघायची सोडू नये.

आतली भिंतसुद्धा डोळे झाकून घेऊ नये. तिच्या पलीकडे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे का? स्वयंपाकघरातला ओव्हन आहे का? प्लास्टरबोर्डच्या भिंतीत रेडिएटरकडे उतरणारे आठ-दहा मिलिमीटरचे बारीक पाइप आहेत का? हीटिंग तासभर चालवून भिंतीवर हाताचा तळवा फिरवा, कोमट पट्टा लगेच कळतो. जुनी धुराडी असलेली भिंतही टाळावी, तिच्या पोटात वारा खेळत असतो.

आता ऊन. लंडनला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. पुण्यात दक्षिणेच्या २.१ मीटर उंच खिडकीतून ऊन खोलीत दोन मीटरही आत येत नाही. लंडनला ते साडेसात मीटरच्या पुढे जातं, म्हणजे समोरच्या भिंतीवर चढतं. उन्हाळ्यात सावलीत असलेली आणि म्हणून निवडलेली भिंत जानेवारीत अकरा ते दोन उन्हात न्हात असते. सेन्सरवर ऊन आलं की तो २६-२७ दाखवतो, व्हॉल्व्ह मिटतात, आणि त्याच खोलीच्या सावलीतल्या कोपऱ्यात थंडी भरते. सेन्सर उन्हाळ्यात लावत असाल तर फोनमधलं सूर्याची वाट दाखवणारं ॲप उघडून डिसेंबरची तारीख घाला आणि मगच भोक पाडा.

घरातल्या छोट्या शेगड्याही ओळखून ठेवाव्यात. राउटर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅम्प, फोनचा चार्जर हे सगळे ओघाने आलेच. मराठी घरात एक जास्तीची म्हणजे देवघर. शेल्फवरच्या देव्हाऱ्यात निरांजन लागलं की ती साधी ज्योत नसते. एवढीशी टी-लाइट मेणबत्तीसुद्धा तीस-चाळीस वॉट उष्णता देते, आणि ती सरळ वर जाते. देव्हाऱ्याच्या वर किंवा हाताच्या अंतरावर सेन्सर असेल तर रोज संध्याकाळी दिवेलागणीला तापमानाच्या आलेखात एक सुळका दिसतो आणि हीटिंग तेवढा वेळ गप्प बसतं. स्वयंपाकघर आणि बैठक एकच असेल तर सेन्सर गॅसपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा. फोडणीच्या तेलाचा धूर आर्द्रता मोजणाऱ्या बारीक पडद्यावर बसतो आणि तो आकडा कायमचा बिघडतो.

उलट माणसांची ऊब ही चूक नव्हे. बसलेला माणूस साधारण शंभर वॉट देतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंधरा जणी जमल्या तर दीड किलोवॉट झाले, एका बऱ्या रेडिएटरएवढे. सेन्सरने २३ दाखवून व्हॉल्व्ह मिटवले तर ते त्याचं कामच आहे.

जागा पक्की करण्याआधी उदबत्ती लावून बघावी. हीटिंग अर्धा तास चालू ठेवा, दारं-खिडक्या नेहमीसारख्या ठेवा, आणि निवडलेल्या जागेपासून हातभर अंतरावर पेटती उदबत्ती स्थिर धरा. धूर वीतभर सरळ चढून मग विस्कटला तर जागा शांत आहे. तो लगेच आडवा पळाला तर तिथे झोत आहे: दाराखालच्या फटीतला, जुन्या सरकत्या खिडकीतला किंवा भिंतीतल्या एखाद्या जुन्या भोकातला. धूर भिंतीला चिकटून झपाट्याने वर ओढला गेला तर तुम्ही रेडिएटरच्या गरम हवेच्या वाटेत उभे आहात. रेडिएटर खिडकीखाली असेल तर गरम हवा वर चढते, छताखालून पुढे सरकते, समोरच्या भिंतीवरून खाली येते आणि जमिनीवरून परत फिरते. त्यामुळे समोरची आतली भिंत, सव्वा मीटरवर, बहुतेक खोल्यांत चांगली ठरते. रेडिएटर आतल्या भिंतीवर असेल तर त्याच भिंतीवर सेन्सर नको. बाजूची भिंत घ्या, खिडकी आणि रेडिएटर दोघांपासून दीड-दोन मीटर राखून. आणि स्मोक अलार्मच्या बरोबर खाली हा प्रयोग करू नका, हे सांगायला नको.

हॉलमधल्या जुन्या थर्मोस्टॅटच्या जागेचा मोह फार होतो. तिथे भोकं तयार असतात, डाग झाकला जातो. पण हॉल म्हणजे मुख्य दार आणि जिना: दार उघडलं की थंडी आत, आणि ऊब जिन्यावरून वर. तिथे कोणी बसत नाही. शिवाय त्या जुन्या डबीत २३० व्होल्टच्या तारा असतात. त्या इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्याव्यात आणि मागचं भोक पुट्टीने बुजवावं. पोकळ भिंतीतून त्या भोकावाटे येणारी हवा थेट सेन्सरच्या पाठीवर फुंकर घालते आणि आकडा एक-दोन अंश खाली ओढते. तो सेन्सर खराब आहे असं समजून लोक बदलूनही आणतात.

भोक पाडायची घाई नकोच. तीन दिवस सेन्सर चिकटपट्टीवर लावून आलेख बघा. एक दिवस एका जागी, एक दिवस दुसऱ्या. आलेख डोंगरासारखा हळू चढत-उतरत असेल तर जागा बरी. करवतीच्या दात्यांसारखा असेल तर जवळपास काहीतरी चालू-बंद होतंय. शेल्फवर ठेवायचा असेल तर पुस्तकांच्या मागे किंवा फोटोफ्रेमच्या आड नको, कडेला, हवा लागेल असा. आरशामागे किंवा फ्रिजच्या बाजूला तर मुळीच नको, तिथे हवाही नाही आणि रेडिओलाही अडसर. माळ्यावर खोली काढलेल्या घरात छताच्या उतारात बसवलेल्या इन्सुलेशनच्या पाट्यांना बहुधा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा वर्ख असतो. त्यातून सिग्नल जात नाही. तिथे जिन्याच्या तोंडाशी एक स्मार्ट प्लग लावून वाट करून द्यावी.

आकडा जुळवणं

लावण्याआधी सेन्सर खरा आहे का बघा. भरवशाचा एक थर्मामीटर आणि घरातले सगळे सेन्सर एकाच टेबलावर, हीटिंग बंद असताना, रात्रभर शेजारीशेजारी ठेवा. सकाळी कोणालाही हात न लावता वाचा. हाताची ऊब आणि श्वास दोन्ही लगेच चढतात. सेन्सर हाताळल्यावर निदान अर्धा तास आकड्यावर विश्वास ठेवू नये. ०.३ अंशांपर्यंतचा फरक सोडून द्या, तेवढी चूक या चिपांची असतेच. त्याहून जास्त असेल तर सेन्सरला ऑफसेट द्या. आणि हेडला पूर्वी दिलेला ऑफसेट शून्यावर आणा. तो तसाच राहिला तर काही यंत्रणांत दोन दुरुस्त्या एकावर एक बसतात.

यानंतर वेळापत्रक उघडा आणि सगळे आकडे खाली आणा. हे केलं नाही तर गॅसचं बिल वाढतं आणि दोष सेन्सरवर येतो. हेड खोटं बोलत होतं तेव्हा २० मिळावं म्हणून तुम्ही २३ लावत होतात. आता २३ म्हणजे खरंच २३. बैठकीला १९ ते २१ पासून सुरुवात करा. तान्ह्या बाळाच्या खोलीला ब्रिटनमध्ये १६ ते २० अंश सांगतात. आपल्याकडच्या आज्यांना ते फार कमी वाटतं, पण तिथली शिफारस तीच आहे.

वेळेआधी हीटिंग सुरू करणारी, खोलीची चाल शिकणारी सोय तुमच्या यंत्रणेत असेल तर सेन्सर हलवल्यावर तिला काही दिवस द्या. दुसऱ्याच सकाळी निकाल लावू नका.

बिघडतं ते कुठे

खोली ठरल्या आकड्याला पोचतच नाही, आणि हेड पूर्ण उघडं आहे. त्याच खोलीत एखादा जुना, हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह उरलाय का बघा. त्यावर ३ म्हणजे बहुधा २० अंश. सेन्सरला २१ हवे आणि तो व्हॉल्व्ह २० वर मिटतो, मग बॉयलर उगाच चालत राहतो. तो ५ वर नेऊन ठेवा. तसा नसेल तर रेडिएटर खोलीला लहान पडतोय किंवा पाणी कमी येतंय. पूर्वी हेडच्या खोट्या आकड्यामुळे हे झाकलं गेलं होतं, सेन्सरने ते उघडं पाडलं एवढंच.

याच्या उलट, खोली तापतच राहते आणि ॲप म्हणतं व्हॉल्व्ह बंद आहे. हेड काढून व्हॉल्व्हची पिन बोटाने किंवा पान्याच्या सपाट बाजूने दाबा. ती दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन परत उसळली पाहिजे. उन्हाळाभर बंद राहून ती अडकते. पक्कडीने ओढू नका, पिन हातात आली तर मागोमाग काळं पाणी गालिच्यावर येतं.

तापमान सारखं एक-दीड अंश वर-खाली झुलतं. सेन्सर फार लांब किंवा आडोशाला असेल तर त्याला ऊब पोचेपर्यंत रेडिएटर जास्त तापून बसलेला असतो. बॉयलरच्या पाण्याचं तापमान उतरवून बघा, ७० वरून ५५-६० वर. कंडेन्सिंग बॉयलरला ते मानवतंही: परतीचं पाणी ५५ च्या खाली आलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता तो परत मिळवतो.

बॅटरीच्या बाबतीत दोन गोष्टी. एएए सेलवर चालणाऱ्या उपकरणांत रिचार्जेबल सेल चालतात का ते माहितीपत्रकात बघा. ते १.२ व्होल्टचे असल्याने काही उपकरणं पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी कमी’ म्हणत राहतात. सीआर २०३२ सारख्या काही बटण सेलवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेला असतो. काही होल्डरमध्ये त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही, नवा सेल घालूनही सेन्सर मुका राहतो. कोरड्या कपड्याने कडा पुसून परत घाला. लेप असला तरी बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं असावं आणि सेन्सर पाळण्यातल्या बाळाच्या हाताशी नसावा.

सर्वांत घातक बिघाड मात्र कळतच नाही. सेन्सर मरतो, आणि यंत्रणा त्याचा शेवटचा आकडा धरून बसते. तो १८ वर असताना गेला तर रेडिएटर रात्रभर पेटलेले राहतात. २२ वर गेला तर खोली गोठते आणि ॲप म्हणतं सगळं छान. कंपनीच्या तयार संचात सेन्सर गेल्यावर हेड आपल्या मोजमापावर परत येतं का, हे एकदा मुद्दाम बॅटरी काढून, दोन-तीन तास थांबून पाहा. होम असिस्टंटवाल्यांनी ऑटोमेशनमध्येच अट घालावी: सेन्सरकडून दोन तासांत निरोप आला नाही तर हेडचा बाहेरचा सेन्सर बंद करा, अ‍ॅलीत तोच −८०००, आणि फोनवर सूचना पाठवा. काही सेन्सर तापमान बदललं तरच बोलतात, त्यामुळे रिकाम्या, स्थिर खोलीत दोन तासांची शांतता खरीही असू शकते. अशा सेन्सरला ठरावीक वेळाने हजेरी लावायची सेटिंग असते, ती तासाभराची करून घ्या.